मधला डबा

१९८५च्या ऑक्टोबरात आयबीएमने टोकन रिंग बाजारात आणलं. त्याच वर्षी ॲपलच्या मॅकिंटॉशना आणि लेझर प्रिंटरना जोडणारी ॲपलटॉकची बारीक तार ऑफिसांतून फिरू लागली. इथरनेट झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडून दोनच वर्षांपूर्वी आयईईईचं अधिकृत मानक झालं होतं. नोव्हेलचं नेटवेअर लहान कंपन्यांत शिरत होतं आणि डेक कंपनीची यंत्रं डेकनेटवर बोलत होती. म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडण्याची लाट आली तीच मुळी एकमेकांशी न जुळणाऱ्या चार-पाच पद्धती घेऊन.

यातली एखादीच पद्धत निवडून कोणी कंपनी चालवत नव्हतं. हिशेब खात्याला आयबीएमचा मेनफ्रेम हवा, म्हणून तिथे टोकन रिंग. जाहिरात विभागाला मॅक हवेत, म्हणून तिथे ॲपलटॉक. विक्री विभागात नेटवेअर आणि इंजिनियर मंडळींकडे इथरनेटवर युनिक्स. प्रत्येक खात्याने आपापल्या बजेटातून आपापल्या सोयीचं घेतलं. मग एके दिवशी वरून हुकूम आला, की सगळं जोडा.

इंजिनियरिंगला 'ब्रिज आणि राउटर यांतील फरक स्पष्ट करा' हा प्रश्न आमच्याकडे ठरलेला असायचा. ब्रिज दुसऱ्या थरावर, राउटर तिसऱ्या थरावर, एवढा तक्ता काढला की मार्क मिळायचे. त्या तक्त्यामागे दहा-पंधरा वर्षांची एक लढाई आहे हे मला बरंच नंतर, जुनी मॅन्युअलं वाचताना कळलं. मला ही गोष्ट आवडते, कारण वेगळ्या माणसांना किंवा वेगळ्या यंत्रांना जोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न तिच्या मध्यभागी आहे.

तारेचा स्वभाव

इथरनेटचा जन्म १९७३चा. झेरॉक्स पार्कमध्ये बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी तो घडवला. त्याची रीत चहाच्या टपरीवरच्या गप्पांसारखी आहे. कोणी बोलत नसेल तर बोला. दोघं एकदम बोलले तर दोघांनीही थांबा आणि थोड्या वेळाने पुन्हा बघा. हा 'थोडा वेळ' प्रत्येकाने स्वतःपुरता नशिबावर ठरवायचा, म्हणजे दोघं पुन्हा एकदम बोलायला लागत नाहीत.

टोकन रिंगला असला गोंधळ मान्य नव्हता. एकेरी मार्गावरच्या रेल्वेत पूर्वी ड्रायव्हरला स्टेशनमास्तरकडून टोकनचा गोळा मिळायचा आणि तो हातात असल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात जायची नाही. टोकन रिंगमध्येही तसंच. एक छोटा संदेश यंत्रायंत्रांतून गोल फिरत असतो. तो ज्याच्याकडे येईल त्यानेच बोलायचं. टक्कर होण्याचा प्रश्नच नाही. वेग सुरुवातीला सेकंदाला ४ मेगाबिट, १९८९पासून १६ मेगाबिट.

बोलण्याची पाळी कशी ठरते, एवढाच फरक असता तर दोन्ही जोडणं सोपं होतं. खरा त्रास खाली, अगदी बिटांच्या पातळीवर होता. इथरनेट प्रत्येक बाइटमधला सगळ्यात कमी किमतीचा बिट आधी पाठवतं, टोकन रिंग सगळ्यात जास्त किमतीचा. त्यामुळे एकाच हार्डवेअर पत्त्यात एका बाजूला १२ लिहिलेलं असेल तर दुसऱ्या बाजूला ते ४८ वाचलं जातं. १२ म्हणजे ००००११००, आणि ते उलटं केलं की ००११००००, म्हणजे ४८.

मापाचाही फरक होता. इथरनेटच्या एका फ्रेममध्ये १५०० बाइटांचा माल मावतो. ४ मेगाबिटच्या टोकन रिंगमध्ये साधारण साडेचार हजार, १६ मेगाबिटच्या रिंगमध्ये अठरा हजारांच्या आसपास. आणि वाट शोधण्याची पद्धत तर पार उलटी. आयबीएमच्या जगात पाठवणारं यंत्र आधी वाट शोधायचं आणि कुठल्या रिंगमधून कुठल्या पुलावरून जायचं ते फ्रेमवरच लिहायचं. इथरनेटच्या जगात यंत्राला वाटेचा पत्ताच नसे. कोण कुठल्या बाजूला आहे हे पूल स्वतः ऐकून ऐकून शिकायचे. अशा पुलांची गोल साखळी झाली तर फ्रेम अनंतकाळ फिरत राहील, म्हणून १९८५मध्ये डेकमधल्या रेडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्री ही युक्ती काढली. ती आजही वापरात आहे.

पूल का कोसळला

पहिला उपाय सुचला तो पुलाचाच, म्हणजे ब्रिजचा. मध्ये एक डबा ठेवायचा. त्याने टोकन रिंगची फ्रेम घ्यायची, बिट उलटे करायचे, पाकीट बदलायचं आणि इथरनेटवर सोडायची. दोन्ही बाजूंच्या यंत्रांना वाटलं पाहिजे की आपण एकाच नेटवर्कवर आहोत.

कल्पना चांगली होती. पण पूल फक्त पाकीट वाचतो, आतलं पत्र वाचत नाही. 'अमुक आयपी पत्ता कोणाचा?' असं एखादं यंत्र एआरपीमार्फत विचारतं, तेव्हा उत्तर देणारा आपला हार्डवेअर पत्ता पाकिटावरही लिहितो आणि आतल्या पत्रातही. पूल पाकिटावरचा पत्ता नीट उलटवायचा. आतला तसाच राहायचा. विचारणारं यंत्र आतला पत्ता खरा मानायचं आणि पुढची सगळी पत्रं अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर जायची. मग काही पुलांना एआरपीपुरतं पत्र उघडून बघायला शिकवलं. पण पत्रात पत्ता लिहिणारे इतर प्रोटोकॉलही होते. प्रत्येकासाठी वेगळी ठिगळं.

मापाच्या फरकावर तर ठिगळही नव्हतं. साडेचार हजार बाइटांची फ्रेम १५०० बाइटांच्या तारेवर ढकलता येत नाही, आणि फ्रेमचे तुकडे करायचे तर पलीकडे ते जोडायचे कोणी? पुलाच्या पातळीवर त्याची काही सोयच नाही. पूल फ्रेम टाकून द्यायचा, तेही न सांगता. लहान संदेश जायचे, मोठ्या फायली अडकायच्या, आणि बिचारा नेटवर्कवाला दिवसभर तारा तपासत बसायचा.

काही दशकं मिरज जंक्शनवर ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ येत होते. तिथे मीटरगेजची वाघीण ब्रॉडगेजवर ढकलून बघण्याच्या फंदात कोणी पडत नसे. वाघीण आपल्या रुळावर थांबायची, आतला माल उतरवून पलीकडच्या वाघिणीत भरायचा. हमालीचा खर्च होता, वेळ जात होता, पण माल कोल्हापुराहून बंगळुराला पोचत होता. पूल वाघीण ढकलत होता. राउटरने माल उतरवला.

सीमा मान्य करणारे

हा विचार टोकन रिंगच्या बराच आधीचा आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या अर्पा संस्थेत रॉबर्ट कान यांच्यासमोर तीन नेटवर्कं होती: तारेवरचं अर्पानेट, रेडिओवरचं एक आणि उपग्रहावरचं एक. तिन्हींचे वेग, मापं आणि चुका होण्याचं प्रमाण वेगळं. कान यांनी काही नियम घालून घेतले. जोडलं जाण्यासाठी कुठल्याही नेटवर्कला आपल्या आत काही बदलावं लागू नये. मध्ये साधे डबे असावेत, त्यांनी कोणत्याही एका संभाषणाची आठवण ठेवू नये. आणि या सगळ्यावर कोणा एकाची सत्ता नसावी. १९७४च्या मे महिन्यात व्हिंट सर्फ आणि कान यांनी जो निबंध छापला, त्यात या डब्याला गेटवे म्हटलं आहे. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी तिन्ही नेटवर्कं जोडून दाखवली गेली. रेडिओचं टोक एका चालत्या व्हॅनमध्ये होतं.

याच काळात झेरॉक्स पार्कमध्येही पप नावाची अशीच पद्धत आणि तिचे गेटवे चालू होते. म्हणजे तत्त्व सापडलेलं होतं: सीमा लपवू नका, सीमेवर माणूस बसवा. तारेचं पाकीट सीमेवर फाडून टाका, आतलं पत्र काढा, पुढच्या तारेला चालेल अशा नव्या पाकिटात घाला. पत्र मोठं असेल तर त्याचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घाला. बिटांचा क्रम, फ्रेमचं माप, टोकन की टक्कर, हे सगळं ज्या त्या बाजूला राहतं.

स्टॅनफर्डचा निळा डबा

तत्त्व आणि दुकानात मिळणारी वस्तू यांच्यामध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठ आहे. इथली लोकप्रिय दंतकथा तुम्ही वाचली असेल: लेन बोसॅक आणि सँडी लर्नर हे जोडपं विद्यापीठाच्या दोन वेगळ्या विभागांत काम करत होतं, त्यांना एकमेकांना ईमेल पाठवता येईना, म्हणून त्यांनी राउटर शोधला आणि सिस्को कंपनी काढली.

गोष्ट गोड आहे, पण तिच्यात बिल येगर नाहीत. येगर स्टॅनफर्डच्या वैद्यकीय शाखेतल्या संगणक-केंद्रात कर्मचारी होते. १९८०मध्ये वेगवेगळ्या इमारतींतली यंत्रं जोडण्याचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी पीडीपी-११ या छोट्या यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहिला. तो आधी झेरॉक्सच्या पपची पत्रं इकडची तिकडे करायचा, पुढे आयपीचीही. अँडी बेक्टोल्शाइम या विद्यार्थ्याने स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्कसाठी एक सर्किट बोर्ड बनवला होता. त्या नावाच्या आद्याक्षरांवरून १९८२मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी निघाली. येगर यांचा प्रोग्रॅम या बोर्डावर चालू लागला. डब्याचा रंग निळा, म्हणून सगळे त्याला ब्लू बॉक्स म्हणत. इतर अनेक विद्यार्थ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी त्यात भर घातली.

सिस्को १९८४च्या डिसेंबरात स्थापन झाली. तिचं पहिलं उत्पादन याच बोर्डावर आणि याच सॉफ्टवेअरवर उभं होतं. विद्यापीठात यावरून वाद झाला. १९८६मध्ये बोसॅक यांना नोकरी सोडावी लागली. १९८७मध्ये स्टॅनफर्डने सिस्कोला रीतसर परवाना दिला: १९,३०० डॉलर रोख, दीड लाख डॉलरची रॉयल्टी आणि मालावर सवलत. २०००च्या मार्चमध्ये हीच कंपनी काही काळ जगातली सगळ्यात मोठ्या बाजारमूल्याची कंपनी होती. दंतकथेतल्या जोडप्याचंही काही शेवटपर्यंत गोड झालं नाही. १९९०च्या ऑगस्टमध्ये लर्नर यांना काढून टाकलं गेलं आणि बोसॅक यांनी राजीनामा दिला.

तिकडे एमआयटीमध्ये नोएल चियाप्पा यांनीही अनेक प्रोटोकॉल हाताळणारा राउटर स्वतंत्रपणे लिहिला होता. तो प्रोटिऑन कंपनीच्या मालाचा पाया झाला. दोन विद्यापीठांत, एकाच सुमाराला, एकच गोष्ट. कारण गरज सगळीकडे तीच होती. एखादा शोध 'कोणाचा' हे ठरवताना आपण कंपनीची पाटी बघतो. सरकारी नाहीतर विद्यापीठाच्या पगारावर बसून कोड लिहिणारा माणूस पाटीवर नसतो.

कॉन्फिगरेशनमधलं ऑफिस

१९९०च्या आसपासच्या राउटरचं कॉन्फिगरेशन वाचणं हा मला एखाद्या जुन्या वाड्याच्या वाटणीपत्रासारखा प्रकार वाटतो. कोणाची खोली कुठली, कोणाचं कोणाशी बोलणं नाही, सगळं त्यात आहे.

नेटवेअरचंच बघा. त्याचा आयपीएक्स प्रोटोकॉल एकाच इथरनेटवर चार वेगवेगळ्या पाकिटांतून जाऊ शकायचा. जुन्या सर्व्हरचं नेहमीचं पाकीट एक, नव्याचं दुसरं. एका टेबलावर, एकाच तारेवर बसलेली दोन यंत्रं एकमेकांना दिसायचीच नाहीत. मग राउटरवर त्या एका तारेला दोन वेगळे नेटवर्क क्रमांक द्यायचे. शेजारी शेजारी बसलेली यंत्रं मग कोपऱ्यातल्या डब्यामार्फत बोलायची.

ॲपलटॉकची तऱ्हा वेगळी. त्यात 'झोन' असायचे, आणि मॅकवर त्यांची नावं थेट दिसायची. एका तारेवर दोन राउटर असतील तर नेटवर्क क्रमांकांची व्याप्ती आणि झोनची यादी दोघांवर तंतोतंत सारखी हवी. एका नावात फरक पडला, तर नंतर चालू झालेला राउटर ॲपलटॉक सुरूच करायचा नाही.

डेकनेट सगळ्यात हट्टी. ते चालू केलं की राउटर आपल्या कार्डाचा हार्डवेअर पत्ताच बदलायचा, कारण डेकनेटला नोडच्या क्रमांकावरून हार्डवेअर पत्ता काढता यायला हवा होता. आयपीएक्सचा पत्ता मात्र हार्डवेअर पत्त्यावरच बेतलेला. म्हणून आधी डेकनेट, मग आयपीएक्स. हा क्रम ज्याला माहीत नाही, त्याचा रविवार ऑफिसात.

शिवाय प्रत्येकाची बडबड वेगळी. ॲपलटॉकचे राउटर दर १० सेकंदांनी एकमेकांना वाटांची यादी सांगायचे, आयपीवरचं रिप दर ३० सेकंदांनी, नेटवेअर दर ६० सेकंदांनी. नेटवेअर तर वाटांबरोबर प्रत्येक सर्व्हरची आणि प्रिंटरची जाहिरातही करायचं, एका पॅकेटात सात नावं. आता हिशोब करू. कंपनीत ७०० सेवा असतील तर १०० पॅकेटं, प्रत्येकी सुमारे ४८० बाइट. दोन शहरांमधली लाइन ६४ किलोबिटची असेल, तर दर मिनिटातले सहा सेकंद नुसत्या हजेरीत जाणार. म्हणून राउटरवर गाळण्या लावाव्या लागायच्या: नागपूरच्या प्रिंटरची नावं मुंबईला सांगू नकोस, तिथून इथे कोणी छापायला येणार नाही.

आणि एवढं सगळं करूनही, राउटर भाषांतर करत नव्हता. अनेकांची गल्लत इथेच होते. आयपीएक्सचं पत्र आयपीएक्सवाल्यालाच जायचं, मग वाटेत टोकन रिंग लागो की इथरनेट. मॅक आणि नेटवेअरचा पीसी एकाच राउटरला जोडलेले असले तरी एकमेकांशी बोलू शकायचे नाहीत. प्रत्येक प्रोटोकॉलचा तक्ता वेगळा, वाटा वेगळ्या. एकाच एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या, वेगवेगळ्या गावांच्या गाड्या. राउटरने तारांचं भांडण सोडवलं, भाषांचं नाही.

मग सगळे एक भाषा शिकले

भाषांचं भांडण सुटलं ते दमणुकीतून. प्रत्येक प्रोटोकॉलसाठी राउटरमध्ये जास्तीची मेमरी लागायची आणि जास्तीचा जाणकार माणूस. आयपीच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. तो कोणा एका कंपनीचा नव्हता, आणि तो मुळातच परक्या तारांवरून जाण्यासाठी बनला होता. आयपीएक्सला पॅकेटचे तुकडे करता येत नसत. म्हणून मध्ये राउटर आहे असं दिसलं, की नेटवेअर सावधपणे ५७६ बाइटांची छोटी पॅकेटंच पाठवायचं, पुढची तार कितीही रुंद असो.

आपल्याकडेही हेच घडलं. १९८६मध्ये आठ संस्थांना घेऊन अर्नेट हे शैक्षणिक नेटवर्क सुरू झालं. त्यात मुंबईतल्या दोन होत्या: पवईची आयआयटी आणि जुहूची एनसीएसटी. पहिले ईमेल या दोघींमध्येच, साध्या टेलिफोनच्या डायल-अपवरून गेले. पुढे १९८९मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेला लाइन गेली ती ९.६ किलोबिटची. अर्नेटचा कणा उभारताना त्यावर टीसीपी/आयपी आणि ओएसआय, दोन्ही कुळांचे प्रोटोकॉल चालवले गेले. कुठलं जिंकेल हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. १९९५पर्यंत जवळपास सगळी वाहतूक टीसीपी/आयपीवर आली होती.

बाकीचे एकेक करून गेले. १९९०च्या सुमारास कल्पना नावाच्या कंपनीने इथरनेट स्विच आणला. भारतीय वंशाच्या विनोद भारद्वाज यांची ही कंपनी १९९४मध्ये सिस्कोने घेतली. स्विचमुळे इथरनेटमधल्या टकरीच संपत गेल्या आणि टोकन रिंगचा मोठा मुद्दा निकालात निघाला. १९९८मध्ये खुद्द नेटवेअर निव्वळ आयपीवर चालू लागलं. २००९मध्ये ॲपलने मॅकमधून ॲपलटॉक काढून टाकलं.

या विजयाबद्दल मला पूर्ण आनंद होत नाही. ॲपलटॉकवर मॅक जोडला की तो स्वतःचा पत्ता स्वतः घ्यायचा आणि प्रिंटर नावानिशी समोर यायचे. कोणाला आकडे टाइप करावे लागायचे नाहीत. आयपीने जग जिंकलं तेव्हा ही सोय मागे राहिली, आणि लोक कागदाच्या चिठ्ठीवर प्रिंटरचा आयपी पत्ता लिहून मॉनिटरला चिकटवू लागले. तीच सोय ॲपलला २००२मध्ये आयपीवर नव्याने बांधावी लागली. आज तिला बॉन्जूर म्हणतात. तुमचा फोन घरातला टीव्ही किंवा प्रिंटर आपोआप शोधतो तो याच पद्धतीने. हरलेल्या भाषेतला एक चांगला शब्द जिंकलेल्या भाषेला उसना घ्यावा लागला.

राउटरने सगळ्यांना आपापल्या घरात राहू दिलं, म्हणून सगळे एका रस्त्यावर आले, आणि एकदा रस्ता एक झाल्यावर वेगळी घरं परवडेनाशी झाली. टोकन रिंगचे जाडजूड प्लग भंगारात गेले. त्या डेकनेट-आयपीएक्सच्या क्रमाचं ज्ञान असलेली माणसं आता निवृत्तीला आली असतील. त्यांनी रविवारी ऑफिसात बसून जे जोडलं, त्याच्यावर आपण चालतो आहोत.

आणि अगदी लाक्षणिक अर्थाने नाही. १९८८च्या फेब्रुवारीत एक मानक छापलं गेलं: टोकन रिंगसकट आयईईईच्या सगळ्या तारांवरून आयपी न्यायचा असेल, तर पत्राच्या पुढे आठ बाइटांचा एक ठरावीक मजकूर लावावा. आत आयपी आहे एवढंच तो सांगतो. वाय-फायने तोच मजकूर उचलला. तुम्ही हा लेख वाय-फायवर उघडला असेल, तर तो ज्या फ्रेममधून तुमच्या फोनवर उतरला त्या प्रत्येकीच्या आत ते आठ बाइट होते. वाय-फायच्या एका फ्रेममध्ये २३०० बाइटांपर्यंत माल मावतो, तरी मर्यादा बहुतेक ठिकाणी १५००चीच ठेवलेली असते. मध्ये कुठेतरी इथरनेटची तार लागणारच.